फळमाशी आणि शेजारधर्म

भाद्रपद उतरणीला लागला की आगर-शाजापूरकडील आणि तिकडे सौंसर-पांढुर्ण्याकडील संत्र्यांच्या बागांत मन खिन्न करणारे एक दृश्य दिसू लागते. पौष-माघात फुललेला आंबिया बहार आता भरात आलेला असतो. झाडे हिरवीगार असतात, फांद्या भाराने वाकलेल्या असतात, फळांवर नुकती कोठे पिवळसर छटा चढू लागलेली असते. आणि झाडाखाली मात्र रोज सकाळी नव्या फळांचा सडा पडलेला आढळतो. वर्षभराचे पाणी, खत आणि राखण यांचा खर्च ज्या फळातून निघावयाचा, ते तोडणीच्या तोंडावर मातीत जाते. बागवानाच्या घरी मुलीचे लग्न, मुलाची फी आणि सोसायटीचे कर्ज ही सर्व त्याच फळावर टांगलेली असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या सड्याची खरी किंमत कळते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशा बागा आहेत. कोणाच्या स्वतःच्या, कोणाच्या भावाबंदांच्या वाटणीतल्या. या दिवसांत त्यांच्याकडून विचारणा होते ती बहुधा एकाच वाक्याची असते : "फळे गळत आहेत, कोणते औषध मारावे?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आम्ही नेहमी एक उलट प्रश्न विचारतो : "पडलेले फळ चिरून पाहिले काय?" पुष्कळदा ते कोणीच पाहिलेले नसते. दोन-तीन फवारण्या मात्र झालेल्या असतात. म्हणून या अंकी फळमाशीची ओळख कशी पटवावी व तिला आवर कसा घालावा याचा विचार करू. त्यात औषधाचा भाग थोडा आहे आणि शेजारधर्माचा अधिक आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

अपराधी कोण?

पडलेल्या संत्र्याचे अपराधी साधारणतः तीन असतात, आणि तिघांची कामाची रीत वेगवेगळी असते.

पहिला अपराधी म्हणजे रस शोषणारा पतंग. हा आकाराने चांगला मोठा. पुढचे पंख वाळलेल्या पानासारखे तपकिरी, मागचे नारिंगी-पिवळे आणि त्यांवर काळे डाग. दिवसा तो पालापाचोळ्यात दडून बसतो आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडतो. त्याची सोंड इतकी कठीण व टोकदार असते की संत्र्याची साल ती सहज भेदते. त्याने टोचलेल्या फळावर टाचणीने पाडावे तसे वाटोळे छिद्र दिसते. फळ दाबले की त्यातून रसाची चिळकांडी उडते. छिद्राभोवतीचा भाग पुढे मऊ पडून कुजतो व फळ गळते. ताजे फळ चिरले तर आत अळी मिळत नाही.

दुसरी अपराधी फळमाशी. तिची खूण अधिक सूक्ष्म. मादीने अंडी घालण्यासाठी केलेला व्रण सुईच्या टोकाएवढा असतो आणि प्रारंभी तो डोळ्यांस दिसतही नाही. पुढे त्याभोवतीची साल अकाली पिवळी पडते, जागा मऊ होते, बोट लावले की आत जाते. असे फळ चिरले म्हणजे फोडींमध्ये पांढुरक्या, बिनपायांच्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या वळवळताना दिसतात. हाताला लागताच त्या अंगाची कमान करून टुणकन उडी मारतात. ही उडी एकदा पाहिलेला मनुष्य त्यांना विसरत नाही.

तिसरे कारण किडीचे नसतेच. बुरशी, पाण्याचा ताण वा अतिरेक आणि झाडाची उपासमार यांमुळेही फळ गळते. अशा फळाचा देठाकडील भाग काळपट पडलेला असतो किंवा फळ बाहेरून निर्दोष दिसते. त्यावर छिद्र नसते व आत अळीही नसते.

या तिघांत गल्लत झाली की सारा उपाय वाया जातो. पतंगासाठी माशीचा सापळा टांगून उपयोग नाही आणि बुरशीसाठी कीटकनाशक मारून उपयोग नाही. पतंगाच्या बाबतीत एक गमतीची गोष्ट अशी की त्याची अळी संत्र्याला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर. अपराध सारा प्रौढ पतंगाचा. माशीच्या घरी नेमके उलट : प्रौढ माशी फळ खात नाही, नासधूस करते ती तिची अळी. २०२० च्या साथीनंतर गुळवेलीला घरोघर मान मिळाला, तो योग्यही आहे; परंतु संत्र्याच्या बागेच्या बांधावर ती चढवू नये, एवढे पथ्य बागवानाने पाळावे.

आणखी एका सावधगिरीची येथे गरज आहे. चार दिवस पडून राहिलेल्या, आंबलेल्या फळात ज्या बारीक अळ्या दिसतात त्या बऱ्याचदा चिलटांच्या असतात. पिकलेल्या केळ्यांवर घरात घोंघावणारी चिलटे आणि फळमाशी ही दोन भिन्न घराणी आहेत. चिलट नासलेल्या फळावर येते. फळमाशी झाडावरच्या, चांगल्या फळात अंडी घालते. म्हणून तपासणीसाठी फळ निवडावे ते त्याच सकाळी पडलेले.

खात्री करून घेण्याची एक सोपी रीत आहे आणि ती घरातील मुलांकडून करवून घ्यावी असे आम्ही शाळामास्तर या नात्याने सुचवितो. रुंद तोंडाच्या बरणीत दोन बोटे जाडीचा किंचित ओलसर वाळूचा थर द्यावा. त्यावर संशयित फळ ठेवून तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधावे व बरणी सावलीत ठेवावी. अळ्या फळातून बाहेर पडून वाळूत शिरतात, त्यांचे तांदळाच्या दाण्यासारखे तपकिरी-पिवळसर कोष होतात आणि दोन-तीन आठवड्यांत प्रौढ माशी बाहेर येते. आकार घरमाशीएवढा किंवा किंचित मोठा, रंग तपकिरी-काळा, छातीच्या दोन्ही बाजूंस पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काळी खूण, पंख पारदर्शक आणि त्यांच्या पुढच्या कडेला गडद रेघ. प्रथमदर्शनी लहानशी गांधीलमाशीच वाटावी असा तिचा डौल असतो. हीच 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस', आंबा, पेरू व संत्रा या तिन्हींची वैरीण. तिचीच एक बहीण 'बॅक्ट्रोसेरा झोनाटा' तांबूस रंगाची असून तिच्या पंखाच्या टोकाशी छोटा तपकिरी ठिपका असतो. पुस्तकातील चित्रापेक्षा अशा एका बरणीने मुलांना कीटकशास्त्र अधिक कळते, आणि वडिलांना औषधाचा खर्च वाचविण्याची वाट दिसते.

माशीचे चरित्र

शत्रूला आवरावयाचे तर त्याची दिनचर्या माहीत हवी. मादी फळाच्या सालीत आपली टोकदार अंडनळी खुपसते व आत पुंजक्याने अंडी घालते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. अळी आठवडा-दीड आठवडा गर खाते, तोवर फळ गळते; मग ती फळातून निघून जमिनीत दोन-चार बोटे खोल शिरते व कोषात जाते. आणखी साधारण आठ-दहा दिवसांनी माशी बाहेर पडते. हवा अनुकूल असेल तर अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. थंडीत तो लांबतो. सुस्थितीत एक मादी आपल्या आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते.

येथे थोडे गणित करू. समजा, बांधावर पडलेल्या एकाच फळातून २० माश्या निघाल्या व त्यांतील १० माद्या आहेत. प्रत्येकीच्या हजार अंड्यांपैकी केवळ २० अंड्यांतून माशी तयार झाली असे धरले तरी पुढच्या पिढीत २०० माश्या होतात, आणि त्याच हिशेबाने त्यापुढच्या पिढीत २०००. हा दोन पिढ्यांचा अवधी आषाढातील पेरू आणि आश्विनातील संत्रा यांच्या दरम्यान सहज बसतो. एक फळ वेळीच उचलले असते तर या दोन हजारांचा जन्मच झाला नसता.

फवारणी का फसते तेही या चरित्रातून उमगते. अंडे सालीच्या आत, अळी गराच्या आत, कोष मातीच्या आत. चार अवस्थांपैकी तीन अवस्थांना औषधाचा थेंब पोचत नाही. राहिली प्रौढ माशी. ती उडती असल्यामुळे आज फवारलेल्या बागेत उद्या शेजारच्या बागेतून दुसरी येते. शिवाय फळ पिकण्याच्या दिवसांत सरसकट फवारणी केली तर औषधाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जाण्याची भीती असते, आणि माशीच्या अळीवर पोसणाऱ्या उपकारक गांधीलमाश्याही त्यात मारल्या जातात. पैसे जातात, मित्र मरतात आणि शत्रू शाबूत राहतो.

गंधाचा सापळा

या माशीची एक दुर्बलता आहे आणि ती भारतातच उजेडात आली, हे आपल्या वाचकांस जाणून आनंद होईल. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत फ्रँक हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ काम करीत. डास दूर ठेवण्यासाठी वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे या माश्या झुंडीने येतात आणि त्या सर्वच्या सर्व नर असतात, हे त्यांच्या ध्यानात आणून देण्यात आले. १९१२ साली त्यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली व पुढे शोध घेत १९१५ पर्यंत, तेलातील नेमका कोणता घटक नराला खेचतो त्याचा छडा लावला. तो घटक म्हणजे मिथिल युजेनॉल. नर तो आवडीने चाटतो, आणि त्यापासून स्वतःच्या शरीरात मादीला भुलविणारा गंध तयार करतो. त्यापायी तो प्राणाचीही पर्वा करीत नाही.

हाच घटक आपल्या अंगणातील तुळशीच्या पानांतही असतो. केरळात नारळाच्या करवंटीत तुळशीची चुरलेली पाने ठेवून आंब्यावरील फळमाशीसाठी सापळा लावण्याची पद्धत आहे. ज्या रोपाला आपल्या घरच्या बायका नित्य पाणी घालतात, त्याच्या पानात बागेच्या रक्षणाचीही शक्ती असावी हा योग मनाला सुखावणारा आहे. अर्थात वृंदावनातील तुळशीला औषधाचा हात लावू नये. सापळ्यासाठी बांधावर वेगळी चार रोपे लावावी.

बागेसाठी वापरला जाणारा सापळा साधा असतो. सुमारे दोन इंच लांब-रुंद व अर्धा इंच जाड असा प्लायवूडचा ठोकळा घ्यावयाचा. अल्कोहोल सहा भाग, मिथिल युजेनॉल चार भाग व कीटकनाशक एक भाग अशा मिश्रणात तो दोन-तीन दिवस भिजवावयाचा, आणि मग बाजूंना भोके असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात किंवा बाटलीत तारेने टांगावयाचा. गंधाने नर आत येतो, ठोकळा चाटतो आणि तेथेच मरून पडतो. जुन्या शिफारशींत येथे मॅलाथिऑन सांगितलेले असते. आज कोणते औषध घ्यावे हे मात्र आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच तत्त्वावर 'रक्षक' नावाचा सापळा तयार केला आहे. बाजारात तयार ठोकळेही मिळतात. सापळा जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर, झाडाच्या सावलीत टांगावा. एकरी चार ते सहा सापळे असावे. ठोकळा साधारण दोन महिन्यांनी बदलावा. आणि फळ पिकण्यापूर्वी दीड-दोन महिने ते टांगून झालेले असावे. ठोकळा हाताळताना हातमोजे घालावे व मुलांना त्यापासून दूर ठेवावे, हे वेगळे सांगावयास नकोच.

सापळ्याचा दुसरा उपयोग पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो बागेचा पहारेकरीही आहे. दर आठवड्यास त्यात पडलेल्या माश्या मोजून वहीत लिहून ठेवल्या तर संख्या केव्हा चढू लागली ते कळते, आणि कोणते काम केव्हा करावयाचे ते ठरविता येते.

सापळ्याच्या मर्यादा

सापळ्याचे गुण सांगितले, आता मर्यादा सांगणे प्राप्त आहे. सापळ्यात मरतो तो नर, आणि अंडी घालते ती मादी. थोडे नर जरी वाचले तरी ते अनेक माद्यांना पुरे पडतात. म्हणून चार सापळ्यांत हजार नर मेलेले पाहून निश्चिंत झालेल्या बागवानाची फळे तरीही किडतात. शिवाय शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी पंखांवर बसून येते. तिला सापळ्याचा गंध मोहवीत नाही.

या उपायाला संपूर्ण यश आले ते कोठे, हे पाहण्यासारखे आहे. पॅसिफिक महासागरातील रोटा नावाच्या लहानशा बेटावर १९६० नंतरच्या काही वर्षांत मिथिल युजेनॉल व कीटकनाशकात भिजविलेले तुकडे विमानातून टाकून ही माशी समूळ नष्ट करण्यात आली. जपानने आपल्या दक्षिणेकडील ओकिनावा व आसपासच्या बेटांवरून हीच माशी १९८६ पर्यंत हुसकून लावली. ही सर्व बेटे होती. चहूकडे समुद्र, बाहेरून माशी येण्याची शक्यता कमी, आणि उपाय एकाच वेळी संपूर्ण बेटावर केलेला. आपल्या बागेभोवती समुद्र नाही. आपल्या बागेभोवती शेजाऱ्याची बाग आहे, त्यापलीकडे तिसऱ्याची आहे. पांढुर्ण्याच्या बागा संपतात तेथे वरुड-मोर्शीकडच्या सुरू होतात. मध्ये राज्याची सीमा आहे, दोन बाजूंना दोन सरकारांची दोन खाती आहेत, पण माशीला ती सीमा ठाऊक नाही. म्हणून एकट्याने टांगलेले चार सापळे आणि गावाने मिळून टांगलेले चारशे सापळे यांत शंभरपटीहून मोठे अंतर आहे.

शत्रूची नेमकी जात ओळखणे किती अगत्याचे आहे, हे सिक्कीम व दार्जिलिंगकडील संत्र्यांवरून कळते. तेथे व शेजारच्या भूतानात 'बॅक्ट्रोसेरा मिनॅक्स' ही निराळी फळमाशी आढळते. ती मिथिल युजेनॉलला भुलत नाही. आपल्याकडचा सापळा तेथे रिकामा राहील. परंतु तिची वर्षात एकच पिढी होते; गळालेल्या फळातील अळी मातीत शिरून सारा हिवाळा कोषात काढते. त्यामुळे तेथे गळालेली फळे वेचून नष्ट करणे हाच मुख्य आधार ठरतो. एका हंगामात फळे नीट वेचली तर पुढच्या वर्षीच्या माश्यांवर तेथेच घाव बसतो. आपल्याकडे पिढ्या अनेक होतात, पण वेचणीचे महत्त्व तितकेच आहे.

पडलेले फळ कोणाचे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माशीचे खरे माहेरघर म्हणजे पडलेले फळ. आणि आपल्याकडे पडलेल्या फळाला मालक नसतो.

बाग झाडावरच व्यापाऱ्यास विकण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. सौदा ठरला, विसार मिळाला की बागवान म्हणतो, फळ आता व्यापाऱ्याचे. व्यापारी म्हणतो, मी झाडावरचे फळ घेतले, जमिनीवरचे नव्हे. मजूर म्हणतात, आमची मजुरी तोडणीची ठरली आहे, वेचणीची नाही. तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते आणि मधल्या मध्ये सडा तसाच पडून राहतो. जे थोडे वेचले जाते ते बांधापलीकडे किंवा ओढ्यात भिरकावले जाते, अथवा उकिरड्यावर टाकले जाते. बांधापलीकडे टाकलेली अळी मरत नाही. तिची माशी होऊन पंधरवड्यात ती परत येते. आम्हांस वाटते की सौद्याच्या कागदावर एक ओळ वाढवावी : गळालेली फळे दर तिसऱ्या दिवशी कोणी वेचावयाची आणि त्याची मजुरी कोणी द्यावयाची. एवढ्या एका ओळीने जे साधेल ते औषधाच्या चार डब्यांनी साधणार नाही.

हा प्रश्न केवळ बागवानाचा नाही, शहरात राहणाऱ्या आमच्या वाचकांचाही आहे. माशी वर्षभर संत्र्यावर जगत नाही. उन्हाळ्यात ती आंब्यावर असते, पावसाळ्यात पेरूवर येते आणि पेरूवरून संत्र्यावर जाते. बागेलगतच्या गावांत आणि कसब्यांत घरोघरी परसात जे एखादे पेरूचे झाड असते, त्याखाली श्रावणात सडणारे पेरू हा माशीचा मधला मुक्काम होय. "आमचे काय, एकच तर झाड," असे म्हणून आपण ते पेरू तसेच राहू देतो. आपल्या दृष्टीने तो नुसता कचरा असतो. कोसभरावरील बागवानाच्या दृष्टीने ती येणाऱ्या संकटाची पेरणी असते. सकाळी अंगण झाडताना पडलेले पेरूही उचलणे ज्या घरी होते, त्या घराने शेजाऱ्याचे संत्रे राखले असे समजावे. घरच्या झाडावरचे पेरू लिंबाएवढे झाल्यावर त्यांना कागदाच्या किंवा कापडाच्या पिशव्या बांधल्या तर फळ शुद्ध मिळते आणि माशीला जागा राहत नाही. कागदी लिंबाच्या झाडाची मात्र चिंता नको. त्याच्या आंबट, तेलकट सालीशी ही माशी सहसा नादी लागत नाही.

काय करावे?

आता कामाचा क्रम थोडक्यात सांगतो, म्हणजे हा अंक कपाटात ठेवला तरी प्रसंगी उपयोगी पडेल.

आषाढापासून पेरूखालची फळे रोज उचलावी आणि श्रावणाच्या आरंभी बागेत सापळे टांगावे. भाद्रपद, आश्विन व कार्तिक या तीन महिन्यांत गळालेली फळे आठवड्यातून किमान दोनदा वेचावी. वेचलेली फळे दोन फूट खोल खड्ड्यात पुरावी व वर माती घट्ट दाबावी. नुसती चार बोटे माती लोटली तर माशी त्यातून वर येते. खड्डा खणणे शक्य नसेल तर जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत फळे भरून, तोंड घट्ट बांधून, ती कडक उन्हात आठ-दहा दिवस ठेवावी. उन्हाच्या तापाने आतल्या अळ्या मरतात.

फळ पक्व झाले की तोडणी लांबवू नये. भाव चढेल या आशेने झाडावर राखलेले पिकलेले फळ माशीला निमंत्रण देते. तोडणी झाल्यावर झाडावर राहिलेली चुकार फळेही उतरवून घ्यावी. त्यानंतर झाडाखालची जमीन, मुळांना धक्का न लावता, वरवर उकरावी. मातीतील कोष उन्हात उघडे पडतात व साळुंक्या, कोंबड्या ते टिपून खातात.

सापळ्यातील संख्या चढत असेल तर प्रथिनयुक्त आमिषाची ठिपकेदार फवारणी करतात. मादीला अंडी पक्व होण्यासाठी प्रथिने लागतात. त्या भुकेचा येथे उपयोग होतो. प्रथिनद्रव्य किंवा गूळ यांत अल्प औषध मिसळून ते सबंध झाडावर न मारता पानांच्या एखाद्या भागावर, फळे वगळून शिंपडतात. औषध थोडे लागते आणि खाणाऱ्याच्या फळावर ते येत नाही. कोणते औषध, किती प्रमाणात आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबावे, हे मात्र कृषी विज्ञान केंद्राच्या लेखी सल्ल्यावरूनच ठरवावे. दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावरून नव्हे. नागपूर येथे १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांसाठी स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था कार्यरत आहे; आपल्याकडील बागवानांनी तिच्या शिफारशी मागवून त्या गावात वाचून दाखवाव्या.

आणि शेवटचे काम सर्वांत अवघड. गावातील बागवानांनी पोळ्याच्या आधी एकदा एकत्र बसावे. कोणाच्या बागेत किती सापळे, वेचणीचा दिवस कोणता, ज्याची बाग पडीक वा दुर्लक्षित आहे तिच्यातील फळे कोणी उचलावयाची, हे तेथे ठरवावे. ज्याचा मालक गावात राहत नाही अशी एक बाग साऱ्या शिवाराच्या श्रमावर पाणी पाडू शकते. अशा मालकांत आमचे काही वाचकही असतील : नोकरीनिमित्त इंदूर-भोपाळात स्थायिक झालेले, वाटणीची बाग ठेक्याने दिलेली आणि वर्षातून एकदा हिशेबाला जाणारे. त्यांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की यंदा ठेक्याची रक्कम ठरविताना गळालेल्या फळांचीही चौकशी करावी. शेजारी त्याबद्दल बोलून दाखविणार नाहीत. नुकसान मात्र त्यांचे होत असते.

पुढील अंकी संत्र्याच्या डिंक्या रोगाचा विचार करू. ज्या वाचकांच्या बागेत झाडाच्या बुंध्यातून डिंक पाझरताना दिसत असेल त्यांनी झाडाचे वय, जमिनीचा प्रकार आणि पाणी देण्याची रीत कळवावी, म्हणजे त्या अनुरोधाने लिहिता येईल.